जिन्यापासून येऊरपर्यंत: कोळ्यांचा वर्षभराचा अभ्यास कसा करावा

नवरात्राच्या सुमाराला पदवीच्या वर्गातली एक विद्यार्थिनी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलवाटांवर काढलेले कोळ्यांचे चारशेच्या वर फोटो त्यात होते आणि ते खरोखर सुरेख होते. मी विचारलं, "जायंट वुड स्पायडर, म्हणजे सोनेरी जाळ्याचे ते मोठे कोळी, गेल्या वर्षीपेक्षा यंदा जास्त दिसले का कमी?" तिला सांगता येईना. एका फेरीत किती वेळ शोधलं, जाळी जमिनीपासून किती उंचीवर होती, कोणत्या दिवशी जाऊनही काही दिसलं नाही, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. वर्षभराचे कष्ट होते, पण त्यातून एका साध्या प्रश्नाचं उत्तर निघेना. तिचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं, कारण हे आधी शिकवणं माझं काम होतं.

त्या दुपारी आम्ही बसून जी पद्धत कागदावर उतरवली, तीच पुढे वर्गात सुधारत गेलो. ती इथे देतो. सगळी इमारत एका वाक्यावर उभी आहे: तीच जागा, तीच वेळ, तेवढाच शोध. कोळ्याचं नाव सहा महिन्यांनी कळलं तरी चालतं. शोधाचा हिशेब मात्र त्याच दिवशी लिहिला नाही तर कायमचा गेला.

जागा: घराच्या दारापासून सुरुवात

नवखा माणूस थेट येऊर गाठतो. माझं सांगणं असं की पहिले सहा महिने जंगलात जाऊच नका. तीन लहान जागा निवडा, जिथे दर पंधरा दिवसांनी कंटाळा न करता जाता येईल. पहिली तुमच्या इमारतीचा जिना आणि पार्किंग. दुसरी सोसायटीची किंवा महापालिकेची बाग. तिसरी एखाद्या तळ्याचा काठ. ठाण्यात त्याला तोटा नाही, मासुंदा, कचराळी, उपवन, जे जवळ असेल ते. तळ्याकाठी लांब जबड्यांचे, काडीसारखे टेट्राग्नाथा कोळी पाण्यावर झुकलेल्या गवतात आडवी जाळी विणतात. ते जिन्यात कधी दिसणार नाहीत, म्हणून जागांमधला फरक पहिल्याच महिन्यात हाताला लागतो.

शहरात काय सापडणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. २०२१ साली भारतीय संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जगासमोर आणली आणि तिला नाव दिलं 'इसियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अजमल कसाबला जिवंत पकडताना ज्यांनी प्राण दिले, त्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. हे नाव फळ्यावर लिहिताना दर वर्षी माझा आवाज थोडा बदलतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनना आधी सांगून ठेवा. रात्री बॅटरी घेऊन भिंतीकडे टक लावून बसलेला माणूस पाहून कोणालाही शंका येईल. आमच्याकडचे वॉचमनकाका आता स्वतःच हाक मारतात, "सर, मीटरच्या खोलीत एक मोठा आलाय."

ओळख: आधी कूळ

जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जाती पन्नास हजारांच्या पुढे गेल्या आहेत आणि भारतातल्या १,८०० च्या वर आहेत. फोटोवरून जातीपर्यंत पोचणं बहुतेक वेळा शक्य नसतं. जात ठरते ती नराच्या तोंडाजवळच्या फुगीर स्पर्शपादांच्या आणि मादीच्या पोटाखालच्या जननद्वाराच्या रचनेवरून, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पिल्लांमध्ये ही रचना तयारच झालेली नसते. म्हणून वहीत 'लांडगा कोळी, पिल्लू' एवढंच लिहिलंत तर ती पूर्ण आणि खरी नोंद आहे. अंदाजाने लिहिलेलं लॅटिन नाव मात्र सगळी वही नासवतं.

कूळ म्हणजे जवळच्या जातींचं मोठं घराणं. ते ओळखायला डोळे पाहा. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी कुळागणिक वेगळी. उडी मारणाऱ्या कोळ्यांचे मधले दोन डोळे गाडीच्या दिव्यांसारखे समोर रोखलेले असतात. तुम्ही सरकलात की तोही वळून पाहतो. लांडगा कोळ्यांत खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, वर दोन मोठे आणि त्यामागे दोन. रात्री बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर प्रकाश टाका, हिरवट निळे ठिपके लखलखतात. दवाचे थेंबही चमकतात, पण त्यांचा रंग पांढरा असतो आणि मान हलवली की ते विझतात. ही युक्ती मुलांना दाखवली की पुढचं शिकवायला फारसं लागत नाही.

बाकीच्यांच्या खुणा अशा. खेकडा कोळ्याच्या पायांच्या पुढच्या दोन जोड्या लांब आणि बाजूला पसरलेल्या. तो फुलावर फुलाच्याच रंगात दबा धरतो. लिंक्स कोळ्याच्या पायांवर उभे काटे असतात आणि तो पानावरून पानावर झेपावतो. झाडाच्या सालीला चिकटून बसलेला, मागे दोन लांब शेपट्या असलेला हर्सिलिया; त्या शेपट्या म्हणजे रेशीम काढणारे अवयव. गवतात नरसाळ्यासारखं चादरीचं जाळं आणि भोकाच्या तोंडाशी बसलेला मालक म्हणजे हिप्पासा. पावसाळ्यानंतरच्या दवात ही जाळी मोजणं सगळ्यात सोपं. जाळ्यावर जाड पांढऱ्या नागमोडी रेषांनी फुली काढून तिच्यावर पाय जोडीजोडीने ठेवून बसलेला आर्जिओपे, ज्याला सगळे सिग्नेचर स्पायडर म्हणतात.

जिन्याच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, काडीसारख्या पायांचा कोळी तुम्ही रोज पाहता. त्याला हलकेच फुंकर घाला, तो इतक्या वेगाने हिंदकळतो की दिसेनासा होतो. मादी आपली अंडी विरळ रेशमात गुंडाळून जबड्यात धरून ठेवते. हा डासही खातो. जळमटं काढताना याला मारणाऱ्या लोकांना मी हे आवर्जून सांगतो. भिंतीवरचा तळहाताएवढा पसरलेला हंट्समन झुरळं खातो. मादीच्या छातीखाली चपटी पांढरी गोळी दिसली तर ती अंड्यांची पिशवी, तिला हात लावू नका.

आणि एक फसवा. आंब्याच्या झाडावर पानं जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत कधी कधी एखादी 'मुंगी' पानाच्या कडेवर थबकते, मागे सरते आणि धाग्यावरून खाली लोंबते. ती मुंगी नव्हेच. मिर्माप्लाटा नावाचा हा कोळी पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरून चालतो. नराचे जबडे इतके लांब की एक मुंगी दुसरीला तोंडात घेऊन चालल्यासारखी दिसते. पाय मोजायला सांगा, पोरं अर्धा तास झाडाखालून हलत नाहीत.

सामान

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, शिवणकामाची टेप, डोक्याला बांधायची बॅटरी, पाण्याचा फवारा मारायची बाटली, पारदर्शक झाकणाच्या डब्या, जुनी फिकट रंगाची छत्री आणि पेन्सिल. पेन्सिलच. एका जुलैत माझ्या वहीची अकरा पानं शाईच्या पेनाने लिहिलेली होती आणि उपवनहून परत येईपर्यंत ती निळी डाग झाली. त्या महिन्याच्या आकड्यांची जागा आजही रिकामी आहे.

छत्री उलटी उघडून फांदीखाली धरायची आणि फांदी काठीने तीनदा झटकायची. पानांत लपलेले कोळी, सुरवंट, नाकतोड्यांची पिल्लं, ढेकणांच्या जातीचे किडे छत्रीत पडतात. मोजा, फोटो घ्या आणि त्याच फांदीवर सोडा. प्रत्येक फेरीत झटके तीनच. उत्साहाच्या भरात सातवर गेलात तर मागच्या फेरीशी तुलना संपली.

शोधाचं माप

१९९१ साली जोनाथन कॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या कोळ्यांसाठी एक पद्धत मांडली. एका माणसाचा एक तास हे माप धरायचं आणि शोध प्रकारांत विभागायचा: गुडघ्याच्या वर हाताने शोध, गुडघ्याच्या खाली हाताने शोध, फांद्या झटकणं. आपल्या कामासाठी मी तास अर्ध्यावर आणतो, कारण विद्यार्थ्यांची नजर अर्ध्या तासानंतर थकते. दोघं असाल तर अर्धा तास म्हणजे मिळून एक माणूस-तास. फोटोसाठी थांबलात तर घड्याळ थांबवा; फोटोचा वेळ शोधात धरायचा नाही.

प्रत्येक जागी दोन फेऱ्या, एक सकाळी सातच्या आसपास, दुसरी अंधार पडल्यावर. चक्राकार जाळं विणणारे पुष्कळ कोळी संध्याकाळी नवं जाळं घालतात आणि जुन्याचं रेशीम खाऊन टाकतात. दिवसा फेरी मारणाऱ्याला तिथे दोनच धागे दिसतील आणि तो 'शून्य' लिहील. शून्य लिहायचंच आहे, पण दोन्ही वेळांचं.

जमिनीत प्लास्टिकचे पेले पुरून सापळे लावायची पद्धत पुस्तकांत सापडेल. बागेत ती वापरायची असेल तर पेला कोरडा ठेवा, तळाला चिमूटभर पालापाचोळा टाका, रोज सकाळी उघडून पाहा आणि फेरी संपली की पेला उपटून खड्डा बुजवा. पावसाळ्यात हे करू नका, पेल्यात पाणी भरून आतले जीव बुडतात. मारणारं द्रव भरलेले सापळे विद्यार्थ्यांच्या हाती मी देत नाही. ज्याला सूक्ष्मदर्शकाखाली जात ठरवायची आहे, त्याने प्रशिक्षित मार्गदर्शक आणि रीतसर परवानगी घेऊनच नमुना घ्यावा.

वहीतली एक ओळ

तारीख, सुरू आणि बंद केल्याची वेळ, जागा, शोधणारे किती, आभाळ आणि वारा, मग कूळ, संख्या, नर, मादी की पिल्लू, जाळं असेल तर त्याचा आडवा व्यास आणि मध्यबिंदूची जमिनीपासून उंची, कशाला बांधलंय, जाळ्यात काय अडकलंय. शेवटचा रकाना 'ओळखता आलं नाही' याचा. तो रकाना भरलेला दिसला की मला वहीवर विश्वास बसतो.

जाळं नीट दिसत नसेल तर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. मैद्याची पूड उडवायचा सल्ला मिळेल, पण पूड बसलेलं जाळं कोळ्याला टाकून द्यावं लागतं आणि नव्यासाठी रेशीम खर्चावं लागतं. पाणी वाळून जातं.

फोटो चार हवेत: पाठीवरून, चेहऱ्यावरून म्हणजे डोळे दिसतील असा, पोटाखालून, आणि लांबून जाळ्यासकट. शेजारी मोजपट्टी धरा. पोटाखालचा फोटो काढायला डबीचा तळ कामी येतो.

दिवाळीचा प्रयोग

या लेखातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. निसर्गातल्या एखाद्या समूहाची जागा पुसून टाकली तर तो परत कसा उभा राहतो, हे शिकायला लोक वणव्यानंतरची राने किंवा नवी बेटं अभ्यासतात. आपल्याकडे दर वर्षी, ठरल्या वेळी, ठाण्यातल्या हरएक इमारतीत हे आपोआप घडतं. दिवाळीआधी जिने झाडले जातात.

साफसफाईच्या आठवडाभर आधी प्रत्येक मजल्याची पूर्ण मोजणी करा. इथे मराठीतले दोन शब्द फार उपयोगी पडतात. ज्यात मालक बसलेला आहे ते जाळं. मालक निघून गेला आणि धूळ बसली ते जळमट. दोन्ही वेगळं मोजा. जळमटांची संख्या म्हणजे झाडू फिरल्यापासून साठलेला इतिहास, आणि जाळ्यांची संख्या म्हणजे आजची वस्ती. मग सफाई करणाऱ्या मावशींना विनंती करून एक मजला न झाडता ठेवा. हा तुलनेचा मजला. त्याच्याविना प्रयोगाला अर्थ नाही, कारण कार्तिकात हवा गार होऊ लागली की कोळी एरवीही कमी-जास्त होतात.

झाडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दर तिसऱ्या दिवशी मोजा, सहा आठवडे. प्रश्न लिहून ठेवा. पहिला कोण परत येतो? तो मोठा आहे की पिल्लू? दिव्याजवळच्या कोपऱ्यात आधी की अंधाऱ्या? तळमजल्यावर आधी की गच्चीजवळ? कोळ्यांची पिल्लं उंच जागी चढून पोट वर करतात, रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि वाऱ्यावर तरंगत जातात. म्हणजे उघड्या खिडकीच्या मजल्यावर उडून आलेले आणि बंद मजल्यावर चालत आलेले वेगळे दिसायला हवेत. दिसतात का, ते तुमच्या वहीला ठरवू द्या. महापालिकेची डासांसाठी धूरफवारणी झाली तर त्या दिवसाची नोंद हवीच.

कोळ्याचं ताट

कोळ्यांचा अभ्यास कीटकांना सोडून होत नाही. मार्टिन नायफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर यांनी २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगातले कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, आणि त्यातला मोठा वाटा कीटकांचा. तुमच्या बागेत काय उपलब्ध आहे आणि जाळ्यात काय सापडतं, हे शेजारी शेजारी लिहा. पावसाळ्यातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री गच्चीत पांढरी चादर टांगून मागे दिवा लावा. पतंग, भुंगे, तुडतुडे, पंख फुटलेली वाळवी येऊन बसतात. तासाभराने दिवा बंद करा, नाहीतर पहाटे कावळे आणि साळुंक्या चादर साफ करतात आणि दोष आपला.

उलटा हिशेबही पाहा. खिडकीच्या चौकटीत मातीची नळकांडी बांधणारी कुंभारीण माशी प्रत्येक खोलीत डंख मारून निश्चल केलेले कोळी भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळीला ताजं अन्न मिळतं. माशी बाहेर पडून गेलेलं जुनं घरटं फोडून पाहिलं तर कोळ्यांचे वाळलेले पाय, अवशेष सापडतात. शेजारच्या बागेत तुम्हाला कधीच न दिसलेलं एखादं कूळ तिथे निघू शकतं.

वर्षाअखेरचं गणित

किती जाती पाहिल्या हा आकडा सगळे सांगतात. किती राहिल्या असाव्यात, हा खरा प्रश्न. ॲन चाओ यांनी १९८४ साली यासाठी एक सोपं सूत्र दिलं. वर्षात एकदाच दिसलेले प्रकार मोजा, त्यांना एकुलते म्हणू. दोनदाच दिसलेले मोजा, ते जोडीचे. एकुलत्यांच्या संख्येचा वर्ग करा, जोडीच्यांच्या दुपटीने भागा आणि पाहिलेल्या प्रकारांत मिळवा. समजा ४२ प्रकार दिसले, त्यात १२ एकुलते आणि ६ जोडीचे. १२ चा वर्ग १४४, भागिले १२, म्हणजे १२. अंदाज निघाला निदान ५४. एकुलते फार असतील तर शोध अपुरा आहे. ते जवळजवळ संपले असतील तर त्या जागेचा तळ तुम्ही गाठत आणला आहे. पण हे सूत्र चुकीच्या ओळखीवर कोसळतं. एकाच जातीचं पिल्लू आणि मादी दोन नावांनी लिहिलीत की खोटे एकुलते वाढतात. म्हणून जातीचं नाव माहीत नसलं तरी प्रत्येक वेगळ्या प्रकाराला 'बाग-७' असा ठरावीक क्रमांक द्या, फोटो जोडा, आणि पिल्लं या गणितातून बाहेर ठेवा.

नोंदी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाका, तिथे जाणकार ओळख पटवून देतात. टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, सापडला तर मात्र नेमकी जागा लपवा. झाडावर राहणाऱ्या पिसिलोथेरिया टॅरंटुलांची पाळीव प्राणी म्हणून इतकी विक्री होते की २०१९ साली त्यांच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालाव्या लागल्या. तुमचा फोटो चोराला नकाशा ठरू नये.

मग येऊर

वहीचे सहा महिने भरले की येऊर. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तिथे पूर्ण लागू आहे. डबी, छत्री, सापळे घरी ठेवा. पाहणं, मोजणं, फोटो, बस. त्याहून जास्त काही करायचं तर वन विभागाकडे लेखी अर्ज करून, महाविद्यालयाचं पत्र जोडून परवानगी मिळाल्यावरच. महिने हाताशी ठेवून अर्ज करा.

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा जायंट वुड स्पायडरचा काळ. मादीचं शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर, जाळं मीटरभर, उन्हात सोनेरी. नर इतका लहान की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो भक्ष्य वाटतो. जाळ्याच्या कडेला चंदेरी ठिपक्यांसारखे आणखी छोटे कोळी दिसतील. ते दुसऱ्या जातीचे, मादीने पकडलेल्या भक्ष्यावर जगणारे. एका मादीच्या जाळ्यात नर किती, हे चोरटे किती, जाळ्याची उंची किती, एवढं दर फेरीत लिहिलंत तरी हंगामाचा छान आलेख मिळतो. वाटेवर आडवं आलेलं जाळं तोडू नका, वाकून जा.

पाड्यांवरच्या लोकांशी बोला. रोज जंगलातून ये-जा करणाऱ्या माणसाला जाळी कुठे, कधी वाढतात ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेलं वहीत 'सांगितलेलं' म्हणूनच लिहा, आणि त्यांच्या अंगणातून, शेतातून जाताना विचारून जा.

गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. पालापाचोळ्यात फुरसं आणि घोणस असतात, आणि लांडगा कोळी शोधताना आपला हात नेमका तिथेच जातो. हातापुढे काठी. एकटं जायचं नाही. हे बिबट्यांचं रान आहे, त्यामुळे अंधाराच्या फेऱ्या सोसायटीच्या बागेत करा आणि येऊरची फेरी सूर्य मावळायच्या तासभर आधी संपवा. गाडीत बसण्यापूर्वी बंद केल्याची वेळ लिहा. घरी गेल्यावर ती आठवत नाही.